नावं पाच, वजनं चार: दोन याद्या जोडताना काय काय घडतं

पारोळा, अमळनेर, धुळे या पट्ट्यात कपाशी फुटली की वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, एकेकीचं गाठोडं लटकतं, मुकादम आकडा ओरडून सांगतो आणि कुणीतरी तो वहीत लिहून घेतं. वहीत नाव आणि वजन एकाच ओळीवर असतं, म्हणून कुणाचं वजन कुणाचं हा प्रश्न येत नाही. हाच हिशेब संगणकावर गेला, नावांची यादी एका बाजूला आणि वजनांची दुसऱ्या बाजूला अशी फारकत झाली, की खरी गंमत सुरू होते.

समजा पाच बायका वेचणीला आल्या आणि दर किलोला १० रुपये आहे. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आपल्याकडे दोन याद्या आहेत:

नावं = ["सुमनबाई", "लताबाई", "विमलबाई", "मंगलाबाई", "कमलबाई"]
किलो = [३२, ४१, २८, ३६, ३९]

कोड मी इथं देवनागरीत लिहितोय. खऱ्या पायथॉनमध्ये फॉर, इन, झिप हे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. मात्र पायथॉन ३ मध्ये ‘नावं’ आणि ‘किलो’ ही चलांची नावं खरोखर देवनागरीत चालतात, हे फार जणांना माहीत नसतं. कोडमध्ये थेट लिहिलेले आकडे तेवढे इंग्रजी लागतात.

आता प्रत्येकीची मजुरी काढायची. म्हणजे पहिल्या नावाला पहिलं वजन, दुसऱ्याला दुसरं, असं शेवटपर्यंत. नवशिका बहुतेक वेळा असं लिहितो:

फॉर आय इन रेंज(लेन(नावं)):
    प्रिंट(नावं[आय], किलो[आय] * १०)

इथं फॉर तेच काम फेरीफेरीनं करतं आणि ‘आय’ हा त्या फेरीचा अनुक्रमांक. यात चूक काही नाही. पण ‘आय’ हा मधला माणूस आपल्याला नको असतो. आपल्याला हवंय नाव आणि वजन. पायथॉनचं झिप नेमकं तेच हाती देतं:

फॉर नाव, वजन इन झिप(नावं, किलो):
    प्रिंट(नाव, वजन * १०)

सुमनबाईला ३२० रुपये, लताबाईला ४१०, विमलबाईला २८०, मंगलाबाईला ३६० आणि कमलबाईला ३९०. एकूण १७६ किलो, १७६० रुपये.

इथं एक घोटाळा सुरुवातीलाच टाळायला हवा. काहीजण एका फॉरच्या पोटात दुसरा फॉर घालतात: प्रत्येक नावासाठी प्रत्येक वजन. त्यातून पाच ओळी येत नाहीत, पंचवीस येतात, आणि प्रत्येक बाईच्या नावावर सगळ्यांचं वजन चढतं. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावणं हे वेगळं काम आहे. आपल्याला दोन याद्यांवरून एकाच चालीनं, बरोबरीनं पुढं जायचंय. झिप पायथॉनमध्ये आलं ते २००० साली, २.० या आवृत्तीत, आणि ज्या प्रस्तावातून आलं त्याच्या शीर्षकातही हीच बरोबरीची चाल होती.

इथवर सगळं सोपं आहे. आता आकडे भरणाऱ्यानं विमलबाईचं वजन टाकायचं राहून गेलं असं धरा. यादी झाली [३२, ४१, ३६, ३९]. नावं पाच, वजनं चार. झिप काय करेल?

ओरडणार नाही. सुमनबाईला ३२ किलो, लताबाईला ४१, विमलबाईला ३६, मंगलाबाईला ३९, आणि संपलं. दोघींपैकी जी यादी आधी संपली तिथं झिप थांबतं आणि उरलेलं सोडून देतं. कमलबाईची पावतीच निघत नाही. ती विचारणार, “मन्हा पैसा कथा गयात?” आणि तुम्ही कमलबाईच्या नोंदीत चूक शोधत बसणार. चूक तिथं नाहीच. चूक आहे विमलबाईपाशी, जिला ८० रुपये जास्त मिळालेत आणि जी, साहजिकच, तक्रार करायला आलेली नाही. मंगलाबाईलाही ३० रुपये जास्त गेलेत. दुखणं शेपटाशी दिसतं आणि काटा मध्येच कुठंतरी रुतलेला असतो. जागेवरून जोडलेल्या याद्यांचा हा स्वभावच आहे: मधली एक नोंद गळाली की तिच्यानंतरची प्रत्येक जोडी एकेक घर सरकते.

आणि एक मौज पाहा. वरचा रेंजवाला कोड, जो आपण ओबडधोबड म्हणून बाजूला ठेवला, तो इथं पाचव्या फेरीला चक्क त्रुटी देऊन थांबला असता, कारण वजनांच्या यादीत पाचवी जागाच नाही. देखणा कोड गप्प राहिला, ओबडधोबड कोडनं बोंब मारली. अर्थात त्या कोडमध्ये लेन(नावं) ऐवजी लेन(किलो) लिहिलं असतं तर तोही गप्पच राहिला असता.

मग झिप करणाऱ्यांनी हा गप्प राहण्याचा नियम ठेवला तरी का? कारण तो सोयीचाही आहे. हास्केल या भाषेत न संपणारी यादी लिहिता येते: १ पासून पुढं, कुठवर ते सांगायचंच नाही. तिच्याशी नावांची यादी झिप केली की प्रत्येक नावाला अनुक्रमांक मिळतो आणि नावं संपली की काम थांबतं. पायथॉनमध्येही इटरटूल्स या सोबतच्या साधनसंचातल्या काउंटशी, म्हणजे न संपणाऱ्या मोजणीशी, असंच करता येतं. आखूड यादीपाशी थांबायचा नियम नसता तर हे जमलंच नसतं. एक बाजू कधी संपतच नाही म्हटल्यावर दोन्हींची लांबी सारखी कशी असणार? कॉमन लिस्प या भाषेतलं, याद्या अशाच बरोबरीनं चालवणारं मॅपकारही आखूड यादीपाशीच थांबतं.

पण सगळ्या भाषांनी हा नियम घेतला नाही. लांबी जुळली नाही तर काय करायचं, या एका प्रश्नावर भाषाभाषांचे स्वभाव उघडे पडतात.

रुबीमध्ये झिप हे पहिल्या यादीवर बोलावलं जातं आणि लांबीही तिचीच चालते. नावांच्या यादीवर बोलावलं तर कमलबाईचं नाव राहतं, तिच्यासमोर ‘निल’ येतं, म्हणजे काहीच नाही. उलट वजनांच्या यादीवर बोलावलं तर कमलबाई गायब. तेच दोन हात, पण कुणी कुणाला धरलं यावर निकाल बदलतो. जावास्क्रिप्टमध्ये लोक बरीच वर्षं मॅप आणि अनुक्रमांक वापरून हेच काम भागवत आलेत. तिथं नसलेल्या जागेत हात घातला तर ‘अनडिफाइन्ड’ मिळतं, त्याला १० नं गुणलं की ‘नॅन’, म्हणजे संख्या नव्हे. तो नॅन एकूण बेरजेत मिसळला की अख्खी बेरीजच नॅन. कुरूप आहे, पण निदान डोळ्यांत भरतं.

सगळ्यात विचार करायला लावणारी भाषा म्हणजे आर. संख्याशास्त्रवाल्यांची ही लाडकी भाषा आखूड यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पाच दर आणि चार वजनं यांचा गुणाकार सांगितला तर पाचव्या दराला पुन्हा पहिलं वजन लागतं. इथं ती इशारा तरी देते, कारण पाचाला चारानं पूर्ण भाग जात नाही. पण सहा बायकांचे सहा दर आणि तीनच वजनं असतील तर? सहाला तीननं बरोबर भाग जातो. मग इशारासुद्धा नाही. चौथीच्या दराला पहिलीचं वजन बिनबोभाट चिकटतं. वाचताना हा वेडेपणा वाटेल. पण आपण वर ‘वजन * १०’ लिहिलं तेव्हा एकच दर सगळ्यांना लावला ना? आरच्या नजरेत तो १० म्हणजे एक लांबीची यादी आहे, आणि ती पाच वेळा फिरवणं हा त्याच नियमाचा उपयोग. एका दरासाठी जो नियम वरदान, तोच तीन वजनांसाठी घातक.

पायथॉनचं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय इथं मधली वाट काढतं आणि ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. एका मापाची गोष्ट असेल तर ती सगळ्यांवर पसरवायची, नाहीतर लांबी तंतोतंत सारखी हवी. पाच आणि एक चालेल, पाच आणि पाच चालेल, सहा आणि तीन म्हटलं की सरळ त्रुटी. एक्सेलच्या समप्रॉडक्ट या गुणून बेरीज करणाऱ्या सूत्रालाही वेगवेगळ्या मापाचे दोन स्तंभ दिले की ते उत्तराऐवजी व्हॅल्यूची त्रुटी दाखवतं. वहीखात्याचा अनुभव असलेल्या कुणालाही हे पटेल: जिथं पैसे मोजले जातात तिथं अंदाजानं पुढं जायचं नसतं.

पायथॉनवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. उरलेल्या जागा भरून घ्यायच्या असतील तर इटरटूल्समध्ये झिप-लाँगेस्ट आहे. ते लांब यादीपर्यंत जातं आणि रिकाम्या जागी ‘नन’ किंवा तुम्ही सांगाल ती किंमत ठेवतं. लोक तिथं पटकन शून्य ठेवतात. मजुरीच्या हिशेबात हे करू नका. ‘कमलबाई, शून्य रुपये’ अशी व्यवस्थित छापलेली पावती ही न निघालेल्या पावतीपेक्षा जास्त धोक्याची, कारण ती खरी वाटते. आणि विमलबाईची चूक तर तशीच राहते.

खरा उपाय आला २०२१ च्या ऑक्टोबरात, पायथॉन ३.१० मध्ये. झिपला ‘स्ट्रिक्ट’ अशी अट घालता येऊ लागली:

फॉर नाव, वजन इन झिप(नावं, किलो, स्ट्रिक्ट=ट्रू):

आता लांबी जुळली नाही तर व्हॅल्यू-एरर येतो आणि दुसरी यादी पहिलीपेक्षा आखूड आहे असं स्पष्ट सांगतो. कोडमध्ये दोन याद्या सारख्याच असायला हव्यात असं तुम्हाला वाटत असेल तर हे लिहायचं. आळस करायचा नाही.

पण स्ट्रिक्टची एक खोच आहे. पायथॉन ३ मधलं झिप आळशी आहे. पायथॉन २ मध्ये ते सगळ्या जोड्यांची यादी आधीच करून हातात द्यायचं. आता मागाल तेव्हा एकेक जोडी देतं. म्हणजे याद्यांची लांबी ते आधी मोजत नाही. एक यादी संपेपर्यंत त्याला लांबीचा पत्ताच नसतो. फॉरच्या पोटात तुम्ही पावती छापत असाल, तर पहिल्या चार पावत्या छापून झाल्यावर पाचव्या फेरीला त्रुटी येईल. त्या चारांतल्या विमलबाईच्या आणि मंगलाबाईच्या पावत्या चुकलेल्या, आणि त्या त्यांच्या हातात पडलेल्या. म्हणून आधी सगळ्या जोड्या पक्क्या यादीत उतरवून घ्यायच्या, त्रुटी यायची ती तिथंच येऊ द्यायची, आणि छपाई नंतर:

जोड्या = लिस्ट(झिप(नावं, किलो, स्ट्रिक्ट=ट्रू))

या आळशीपणातून आणखी दोन गोष्टी निघतात. झिप एकदा वापरलं की संपलं. त्यावरून एकदा बेरीज काढली आणि मग पावत्या छापायला गेलात तर एकही पावती निघणार नाही. पहिल्या फेरीतच ते रिकामं झालेलं असतं. दुसरी गोष्ट जास्त कावेबाज. याद्यांऐवजी तुम्ही चालू प्रवाह दिलेत, समजा फाइलीतून ओळीओळीनं येणारी नावं आणि वजनं, तर झिप पाचवं नाव आधी उचलतं, मग वजन मागायला जातं, वजन नाही म्हणून थांबतं. उचललेलं पाचवं नाव परत ठेवलं जात नाही. नंतर तुम्ही ‘उरलेली नावं कोणती’ म्हणून प्रवाह पाहिलात तर कमलबाई तिथंही नाही. आखूड प्रवाह आधी दिला असता तर हे घडलं नसतं, कारण तिथं पहिली मागणीच फसली असती.

एवढं सगळं लांबीबद्दल झालं. पण लांबी जुळली म्हणजे जोड्या जुळल्या असं मात्र नाही.

समजा कुणीतरी नावं अकारविल्हे लावून घेतली, यादी छान दिसावी म्हणून. कमलबाई, मंगलाबाई, लताबाई, विमलबाई, सुमनबाई. वजनं जशीच्या तशी: ३२, ४१, २८, ३६, ३९. पाच नावं, पाच वजनं, स्ट्रिक्ट खूश. कमलबाईला ३९ च्या जागी ३२, लताबाईला ४१ च्या जागी २८. पाचही जोड्या चुकल्या, आणि तरी एकूण १७६ किलो आणि १७६० रुपयेच. मालक बेरीज पडताळून सही करणार, कारण बेरजेत काहीच बिघडलेलं नाही. नुसती बेरीज जुळते म्हणून हिशेब बरोबर समजण्याची सवय इथं पूर्ण फसते. असंच एका यादीतून काही नोंदी गाळल्या आणि दुसरीतून त्याच गाळल्या नाहीत की होतं. संच म्हणजे सेट झिपला देणं तर मुळातच चूक, कारण संचात कुणाचा कितवा नंबर हे ठरलेलंच नसतं.

हा धोका खरा कुठं येतो ते कापसाच्या पुढच्या टप्प्यावर पाहू. जिनिंगच्या आवारात ट्रॅक्टर आधी भरलेला काट्यावर चढतो, मग माल उतरवून रिकामा चढतो. फरक म्हणजे कापूस. समजा पहिला ट्रॅक्टर भरलेला ४२०० किलो, दुसरा ३९५०. रिकामे अनुक्रमे २३०० आणि १९००. म्हणजे पहिल्याचा कापूस १९०० किलो, दुसऱ्याचा २०५०. पण दुसऱ्याचा माल आधी उतरला आणि तो आधी काट्यावर आला, तर रिकाम्या वजनांची यादी बनते [१९००, २३००]. भरलेल्या यादीशी झिप करून वजाबाकी केली की पहिल्याला २३०० मिळतात, दुसऱ्याला १६५०. एकूण तेच, ३९५०. मात्र चार क्विंटल कापूस कागदावर एका शेतकऱ्याच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेला.

इथं झिप हे साधनच चुकीचं. गाड्या कोणत्या क्रमानं येतील याचा भरवसा नाही, पण गाडीचा नंबर बदलत नाही, म्हणून जोडणी नंबरानं करायची. पायथॉनमध्ये डिक्शनरी, म्हणजे नंबराला वजन बांधून ठेवणारी नोंद, आणि डेटाबेसमध्ये जॉइन. पायथॉनच्या पांडास या पॅकेजमधल्या दोन सीरिजची, म्हणजे लेबलं लावलेल्या स्तंभांची, वजाबाकीही जागेनं होत नाही, लेबलानं होते. ज्याची जोडी सापडत नाही तिथं नॅन उरतो. डिक्शनरीतही एक गोम आहे. डिक्ट(झिप(नावं, किलो)) लिहिलं आणि गावात दोन सुमनबाई असल्या, तर दुसरीचं वजन पहिलीच्या वजनाला पुसून टाकतं. नाव ही ओळख म्हणून पुरत नाही. हजेरीचा क्रमांक लागतो.

आणि शक्य असेल तिथं फारकतच होऊ देऊ नये. (“सुमनबाई”, ३२) अशी एकेक नोंद असेल तर यादी कशीही लावा, कशीही गाळा, वजन नावाला धरूनच राहतं. स्तंभ वेगळे हवे असतील तेव्हा झिपलाच तारांकित नोंदी दिल्या की तो त्या परत उलगडून देतो: झिप(*नोंदी). मुकादमानं व्हॉट्सॲपवर एका ओळीत नाव, पुढच्या ओळीत वजन असा मजकूर पाठवला तरी जोड्या लगेच लावता येतात. त्या यादीचा एकच इटरेटर, म्हणजे एकेक ओळ देणारा प्रवाह, करायचा आणि तोच झिपला दोनदा द्यायचा:

प्र = इटर(ओळी)
जोड्या = लिस्ट(झिप(प्र, प्र, स्ट्रिक्ट=ट्रू))

पहिली मागणी नाव उचलते, दुसरी त्याच प्रवाहातून पुढचं वजन. ओळींची संख्या विषम आली की स्ट्रिक्ट अडवतो. दोन ओळी गळाल्या तर तो काही करू शकत नाही, तेव्हा दुसरा भाग खरोखर संख्या आहे का हे तपासायला हवं.

झिप बिनधास्त वापरावं अशी जागाही आहे: दोन्ही याद्या एकाच यादीतून निघालेल्या असतात तेव्हा. रावेर-सावद्याकडचे केळीचे लागोपाठच्या चार दिवसांचे क्विंटलचे भाव समजा असे आहेत:

भाव = [१४५०, १५००, १४८०, १५६०]

कालच्यापेक्षा आज किती चढला? यादी स्वतःशीच, एक घर सरकवून, जोडायची:

फॉर काल, आज इन झिप(भाव, भाव[१:]):
    प्रिंट(आज - काल)

५० चढला, २० उतरला, ८० चढला. इथं दुसरी यादी एकानं आखूड आहे आणि ती तशीच हवी आहे; स्ट्रिक्ट लावलात तर चांगला कोड मोडेल. पायथॉन ३.१० पासून यासाठी इटरटूल्समध्ये पेअरवाइज मिळतं, ते वापरलं तर सरकवणंही नको. तारखा सोबत छापायच्या असतील तर मात्र तारखांची यादीही पहिली तारीख सोडूनच द्यायची, तारखा[१:]. पूर्ण यादी दिलीत तर बुधवारची चढ मंगळवारच्या नावावर छापली जाईल, आणि झिप त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.